आजीचा आवाज आणि बिल्टी

बेळगावात शिकायला आल्यापासून मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "सौसर म्हणजे नक्की कुठे?" मी मध्य प्रदेशात असे सांगितले की लगेच दुसरा, "मग मराठी कशी काय येते?" पहिल्याचे उत्तर सोपे आहे. नागपूरहून छिंदवाड्याकडे निघाले की वाटेत सौसर लागते. नागपूरहून इटारसीच्या गाडीत बसले की पांढुर्णा. दुसऱ्याचे उत्तर राज्य पुनर्रचनेपर्यंत जाते. १९५६ पूर्वी नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. आमची गावे तसूभरही हलली नाहीत, राजधानी तेवढी भोपाळला गेली. पुढे २०२३ साली पांढुर्णा आणि सौसर हा भाग छिंदवाड्यापासून निघून पांढुर्णा जिल्हा झाला. सीमा म्हणजे काय हे बेळगावकरांना मी सांगावे असे नाही, तेव्हा हा विषय इथेच सोडतो. सांगायचे आहे ते एका खेळाविषयी.

आम्हा तिघा मित्रांनी गेल्या वर्षी संगणकावरचा एक लहानसा खेळ करायला घेतला. एकाने चित्रे काढायची, दुसऱ्याने हालचालींचे गणित बसवायचे, आणि सामानाची बांधाबांध माझ्याकडे. पांढुर्ण्याकडचा मुलगा खेळ करतो आहे हे कळल्यावर वसतिगृहात सर्वांची एकच सूचना आली : गोटमार कर! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून वाहणाऱ्या जाम नदीत पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात, आणि दोन्ही काठांवरची माणसे एकमेकांवर दगड फेकतात. वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रे दरवर्षी येतात, म्हणून आमच्या भागाची तेवढीच ओळख लोकांना असते. पडद्यावर हा खेळ उठून दिसला असता यात शंका नाही. पण त्या दगडांनी दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात, आणि माणसे दगावलीही आहेत. त्याचे गुण मोजणारा खेळ करणे मला जमणार नव्हते.

त्याच दिवशी नागपूरच्या बाजूला दुसरेही काही चालते. तो तान्हा पोळा. पोरे लाकडी बैल सजवून, त्याला दोरी बांधून घरोघर ओढत नेतात आणि बोजारा गोळा करतात. आम्ही हाच खेळ धरला. एक मुलगी लाकडी बैल ओढत गावातून चालते. प्रत्येक दाराशी आतून एक आवाज येतो आणि एखाद्या वस्तूचे नाव सांगतो. ती वस्तू शोधून आणली की बोजारा मिळतो. नावे सगळी आमच्या बोलीतली. वावर, धुरा, बाज, बंडी, फल्ली, वखर, डवरा, तिफण, तुतारी. बेळगावच्या मित्राला यातल्या निम्म्या शब्दांचा अर्थ विचारावा लागला. त्याचे नवल नाही. पण सौसरला माझी धाकटी चुलत भावंडे हिंदी माध्यमात शिकतात, आणि वावराला खेत, फल्लीला मूंगफली, धुऱ्याला मेड म्हणतात, याचे मला जास्त वाटते. हिंदी त्यांना यायलाच हवी, ती त्यांच्या राज्याची भाषा आहे. मात्र आजी अंगणातून "बाज उचल रे" म्हणाली की पोराने तिच्या तोंडाकडे पाहत उभे राहावे, हे बरे नव्हे.

दारामागचा आवाज आजीचाच आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी तिला ओसरीवर बसवून शब्द बोलून घेतले. मागे कोंबडा आरवतो, कुठे पाट्यावर काही वाटल्याचा आवाज येतो, एके ठिकाणी ती मधेच थांबून मलाच विचारते, "काहून रे बापू, ह्या डबडीत बोल्ली त कोनाले आयकू येते?" पुढच्याच उन्हाळ्यात तिचे मोठे आजारपण झाले. ती बरी झाली, परंतु आवाज पहिल्यासारखा राहिला नाही; लांब वाक्य आता एका दमात निघत नाही. म्हणजे ते ध्वनिमुद्रण पुन्हा करता येण्यासारखे उरले नाही. जे आहे ते तेवढेच.

इथे कच्च्या फाईलची गोष्ट सुरू होते. खेळ तयार करण्याचे जे मोठे साधन असते त्याला इंजिन म्हणतात. त्याच्या हवाली चित्र किंवा आवाज केला की ते तो जसाच्या तसा ठेवत नाही. आपल्या सोयीच्या रूपात बदलून घेते आणि खेळ बांधताना ते बदललेले रूप बरोबर देते. बहुतेक कामाला हेच चांगले. पण काही फाईली अशा असतात की त्यांना इंजिनाने हात लावू नये, त्यातला एकेक बाईट जसा आहे तसा पोचावा, असे आपल्याला वाटते. त्या कच्च्या फाईली. शब्दांची यादी कच्ची असते. आजीचा आवाजही मला कच्चाच हवा होता. एक तर पुढेमागे कोणाला तो खेळातून बाहेर काढून ऐकता आला पाहिजे. दुसरे म्हणजे उद्या आणखी कोणाचा आवाज घालायचा झाला तर खेळ पुन्हा न बांधता घालता आला पाहिजे. आमच्यातला चित्रकार म्हणाला की निदान कोंबडा तरी काढून टाकू. मूळ फाईलला न शिवता दुसरी प्रत करून काढ, असे मी म्हटले. त्याने काढला, आणि कोंबड्याबरोबर आजीच्या बोलण्यातले श्वासही गेले. कोंबडा परत आला.

आम्ही जे इंजिन वापरतो त्याचे नाव गोदो. सॅम्युएल बेकेटच्या नाटकावरून ठेवलेले आहे. नाट्यमंडळातल्या मित्रांना हे सांगितले तेव्हा, "म्हणजे तुमचा खेळ काही येत नाही!" असा शेरा मिळाला. अर्जेंटिनातल्या हुआन लिनिएत्स्की आणि एरियल मान्झूर या दोघांनी ते घडवले, आणि २०१४ साली त्याची सारी संहिता जगाला खुली केली. आमच्यासारख्या फुकट्या विद्यार्थ्यांना हे मोठेच वरदान.

खेळाची पहिली प्रत मी सौसरला चुलत भावाच्या फोनवर पाठवली. संध्याकाळी त्याचा निरोप आला : "दादा, बैल चालते, पन आजी बोलत नाही."

इकडे वसतिगृहातल्या संगणकावर ती उत्तम बोलत होती. कारण समजून घेतले तर यात कोणाचा दोष नाही, रीतच तशी आहे. खेळ घडवत असताना तो आपल्याच फोल्डरात चालतो, आणि तिथे मूळ फाईली शेजारीच पडलेल्या असतात. नाव घेतले की सापडतात. पाठवण्यासाठी गाठोडे बांधताना मात्र इंजिन आवाजाची बदललेली रूपे घेते, मूळ फाईल मागे ठेवते. साध्या मजकुराच्या फाईली तर त्याला सामानच वाटत नाहीत; ज्या न्यायच्या त्यांच्या नावांचा नमुना बांधणीच्या वेळी वेगळा लिहून द्यावा लागतो. आणि आवाजाच्या फाईलवर "आहे तशीच ठेव" अशी खूण करावी लागते. या दोन गोष्टी झाल्यावर आजी फोनवर बोलू लागली.

पण गाठोड्यात फाईल गेली म्हणजे काम संपत नाही. ती उघडायची कशी, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते, आणि खरी मौज यातच आहे. विंडोजच्या संगणकावर फाईल खेळाशेजारच्या फोल्डरात ठेवता येते. तिला पत्ता असतो, अमुक डिस्क, अमुक फोल्डर, अमुक नाव. कोणीही जाऊन उघडावी. अँड्रॉइड फोनवर तसे नाही. तिथे सगळा खेळ म्हणजे एक झिप गाठोडे, आणि आतल्या फाईलला डिस्कवरचा स्वतंत्र पत्ता नसतो. नेहमीच्या पद्धतीने "या पत्त्यावरची फाईल उघड" म्हटले तर तिथे काहीच नाही असे उत्तर येते. त्या गाठोड्याचा राखणदार वेगळा, त्याच्याकडे नाव सांगून मागावी लागते. ब्राउझरमध्ये तर फाईल आपल्या घरी नसतेच. ती कुठल्या तरी सर्व्हरवर, म्हणजे परगावी. मागणी पाठवायची आणि येईपर्यंत थांबायचे, तोवर बैलाने दारात उभे राहायचे. प्रयोगशाळेत नवीन काही बसवायला परवानगी लागते म्हणून आम्ही ब्राउझरची प्रत केली, पेनड्राइव्हवर नेली, आणि पानावर दोनदा टिचकी मारून चालेल असे इतरांना वाटले. ब्राउझर डिस्कवरून उघडलेल्या पानाला शेजारची फाईल वाचू देत नाही. त्यासाठी त्याच संगणकावर छोटासा सर्व्हर चालू करावा लागतो, मग सगळे सुरळीत.

हे सारे आमच्या गावच्या माणसाला नवीन वाटू नये. नागपूर–छिंदवाडा ही लहान लाईन २०१५ सालापर्यंत चालली. तिच्या दोन रुळांतले अंतर ७६२ मिलिमीटर. पांढुर्ण्यावरून जाणारी मोठी लाईन १६७६ मिलिमीटरची. आजच्या एकाच जिल्ह्यातली ही दोन गावे, पण सौसरचा डबा पांढुर्ण्याच्या रुळावर कधी चढू शकला नसता. माल तोच, पेटी तीच. पण रूळ बदलला की एका गाडीतून उतरवून दुसरीत भरायची. संगणकवाले याला प्लॅटफॉर्म म्हणतात आणि आम्ही फलाट. शब्द एकच निघाला याची मला फार गंमत वाटते. आता सौसरलाही मोठी लाईन झाली. संगणकाच्या जगात सगळे रूळ एका मापाचे होतील असे मात्र दिसत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींचा 'राजी' हा खेळ २०२० च्या ऑगस्टमध्ये आधी निन्टेन्डो स्विचवर आला, आणि ऑक्टोबरमध्ये संगणक, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स यांवर. तिथे काम करणाऱ्यांनी हेच सामान किती वेळा उतरवून भरले असेल, याचा विचार आता मनात येतो.

याला उपाय जुनाच आहे. अमेरिकेतल्या इड सॉफ्टवेअरने १९९३ च्या डिसेंबरमध्ये 'डूम' नावाचा खेळ काढला. माणसे मारण्याचा खेळ, मला तो आवडत नाही. पण त्याची बांधणी पाहण्यासारखी आहे. त्याचे सगळे नकाशे, चित्रे, आवाज वॅड नावाच्या एकाच फाईलमध्ये असत. या तीन अक्षरांची फोड "सगळा डेटा कुठे आहे?" अशा अर्थाच्या इंग्रजी प्रश्नाने करतात. फाईलच्या तोंडाशी फक्त १२ बाईट : चार बाईटांत जात, चारांत नगांची संख्या, चारांत सूची कुठे आहे तो आकडा. सूचीत प्रत्येक नगासाठी १६ बाईट : कुठून सुरू होतो, केवढा आहे, आणि आठ अक्षरांत नाव. खेळाला वस्तू हवी असली की तो डिस्कवरचा पत्ता विचारत नाही, सूचीत नाव पाहतो. यामुळे दुसरी एक गोष्ट साधली. सामान खेळापासून सुटे राहिल्यामुळे जगभरच्या पोरांनी आपापले नकाशे असलेल्या वॅड फाईली केल्या आणि त्याच खेळात चालवल्या.

मालधक्क्यावर या सूचीला आमच्याकडे बिल्टी म्हणतात. माल कोणता, नग किती, कोणाकडे जायचा, ते त्या कागदावर. बिल्टी दाखवल्याशिवाय माल सुटत नाही. आम्हीही आमच्या गाठोड्यात 'बिल्टी' नावाची एक मजकुराची फाईल ठेवली, आणि खेळाला एकच दार केले. त्या दाराचे नाव 'आण'. नाव सांगायचे, बाईट घ्यायचे. विंडोज, फोन की ब्राउझर, ते त्या दारामागे. बाकीच्या खेळाने तिकडे डोकावायचे नाही. जिथे एखाद्या लायब्ररीला डिस्कवरचा खराखुरा पत्ताच लागतो, तिथे 'आण' पहिल्याच वेळी ती फाईल गाठोड्यातून काढून खेळाच्या खासगी कोठीत उतरवते आणि कोठीचा पत्ता देते. बिल्टी लागतेच, कारण वेबवरच्या सर्व्हरला "तुझ्याकडे काय काय आहे?" असे विचारून तो यादी देईलच असे नसते. नाव ठाऊक असेल तरच मागता येते.

नावांवरून आठवले. विंडोजला इंग्रजीची मोठी लिपी आणि लहान लिपी सारखीच, फोनला नाही. त्यामुळे एकाच नावाची फाईल इथे सापडते, तिथे हरवते. माझ्या मनात आले की आपल्या देवनागरीत मोठे अक्षर–लहान अक्षर हा भेदच नाही, तर नावे सरळ मराठीत द्यावीत. दिली. बाकी सगळी उघडली, 'धुऱ्यावर' आणि 'डवऱ्याचे फेर' या दोनच उघडेनात. त्या चित्रकाराच्या जुन्या मॅकवरून आल्या होत्या. दोष निघाला त्या अर्ध्या, कोयत्यासारख्या वाकलेल्या र मध्ये. मराठीचा हा ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो : एकच अक्षर म्हणून, किंवा साधा र आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हे जोडून. शिवाय र, हलन्त आणि एक न दिसणारा जोडक ही तिसरी तऱ्हा आहे. डोळ्यांना तिन्ही एकच. मॅकच्या जुन्या डिस्कव्यवस्थेत फाईलचे नाव फोडून, म्हणजे दोन चिन्हांत, साठवले जाई; २०१७ नंतरच्या नव्या व्यवस्थेत तसे होत नाही. बिल्टीत नाव एका अक्षराचे, गाठोड्यात दोन चिन्हांचे, म्हणून गाठ पडेना. हिंदीत हा र लागत नाही, इंग्रजीत तर नाहीच. म्हणजे आमच्या दोनशे-सव्वादोनशे नगांत अडले ते नेमके मराठीच्या खास अक्षराशी! शेवटी फाईलींना साधे आकडे दिले, ००१, ००२ असे, आणि शब्द बिल्टीत आकड्यासमोर ठेवले. शब्द आजीने उच्चारले तसेच. प्रमाण भाषेतले रूप पुढच्या रकान्यात.

बिल्टीचेही एक कौतुक सांगितले पाहिजे. यादीतला पहिलाच शब्द, 'वावर', कधी जुळत नसे. यादी प्रयोगशाळेतल्या जुन्या नोटपॅडमध्ये भरली होती, आणि ते यूटीएफ-आठच्या फाईलच्या आरंभी तीन बाईटांची न दिसणारी खूण ठेवत असे. म्हणजे पहिला शब्द 'वावर' नसून 'खूण-वावर' होता. कच्ची फाईल कच्ची म्हणून घेतली की तिच्या पायाची धूळही बरोबर येते. ती 'आण'च्या दारातच झटकावी लागते. ओळीच्या शेवटची चिन्हे विंडोजवर दोन आणि इतरत्र एक, ही त्यातलीच दुसरी धूळ.

आमचा तिसरा गडी धारवाडकडचा. मी आठवडाभर या ऱ मागे लागलो होतो तोवर त्याने बैलाचे चालणे नीट केले आणि मग सहज विचारले, "ही बिल्टी बदलली तर?" त्यांच्याकडे ज्येष्ठात कार हुण्णिमेला बैल सजवतात, आणि पंधरवड्याने मण्णेत्तिन अमावास्येला मातीचे बैल करून पुजतात. लाकडाऐवजी माती, एवढाच फरक. त्याने आपल्या आईकडून एत्तु, होल, नेगिलु असे शब्द बोलून घेतले, कन्नड बिल्टी लिहिली, गाठोडे वेगळे बांधले. खेळाच्या संहितेत एक अक्षरही बदलावे लागले नाही. त्याच मुलीने आता मातीचा बैल हातात धरला आहे, चित्रकाराने दोरी काढून टाकली. या अंकाच्या कन्नड विभागात तो आपल्या बाजूने लिहिणार आहे असे ऐकतो. त्यात माझ्या ऱ ची थट्टा असणार हे मी आताच सांगून ठेवतो.

दुसरी प्रत सौसरला गेली. भावंडांनी ती दोन दिवसांत संपवली, आणि धाकटीने सगळ्यांत आधी ओसरीवर जाऊन आजीला विचारले की तुतारी म्हणजे वाजवायची की बैलाला टोचायची. मग फोन आजीच्या कानाला लावला गेला. ती सगळे ऐकून घेत होती म्हणे, कोंबड्याला हसली, आणि 'तिफण' शब्दापाशी तिने हात वर केला. "हे बराबर नाही बोल्ली मी. पुन्हा घे." चुलत भावाने तिथेच घेतले. नवा आवाज बारीक आहे, शब्दाच्या मध्ये दम लागल्याचे कळते. त्याने मला विचारले, जुना पुसू का?

बिल्टीत तिफणीसमोर आता दोन आकडे आहेत. खेळ त्यातला कोणताही एक उचलतो.